तपकिरी शेवाळाचें सत्त्व

चांगलें आईसक्रीम जिभेवर लोण्यासारखें विरघळतें. बर्फाचे कण दांतांखालीं येत नाहींत. याचें श्रेय सर्वस्वीं दुधाचें नसतें. डब्यावरील बारीक अक्षरांत कित्येकदां ‘सोडियम अल्जिनेट’ हें नांव अथवा नुसता ‘४०१’ हा आंकडा आढळतो. हा पदार्थ समुद्रांतील तपकिरी शेवाळापासून काढतात. कित्येक टूथपेस्टांत व अंगास लावण्याच्या मलमांत तोच असतो. दंतवैद्य जबड्याचा ठसा घेण्यासाठीं जो लगदा कालवतो, तोहि याचाच.

स्कॉटलंडच्या हेब्रिडीज आणि ऑर्कनी बेटांवर हें शेवाळ विपुल आहे. अठराव्या शतकांत तेथील कुळें थंड पाण्यांत उभीं राहून तें कापीत, वाळवीत आणि खड्ड्यांत जाळीत. राखेतील क्षार कांच व साबण यांच्या कारखान्यांस लागत. एक टन राखेस सुमारें वीस टन ओलें शेवाळ खर्चीं पडे. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांत परदेशचा क्षार दुर्मिळ झाला आणि राखेचा भाव टनास वीस पौंडांपर्यंत चढला. श्रम कुळांचे, नफा मात्र जमीनदारांचा! मजूर हातचे जाऊं नयेत म्हणून देशांतरास अडथळा आणणाऱ्या १८०३ च्या कायद्याला याच जमीनदारांनीं पाठिंबा दिला होता. पुढें युद्ध संपलें, १८२५ मध्यें मिठावरील कर उठला, मिठापासून सोडा स्वस्त होऊं लागला आणि राखेचा धंदा बसला. मग त्याच कुळांना जहाजांत बसवून कॅनडाकडे रवाना करण्याची घाई जमीनदारांना झाली.

मध्यंतरीं १८११ सालीं कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञास शेवाळाच्या राखेंत आयोडीन सांपडलें, त्यामुळें भट्ट्या कांहीं काळ पुन्हां धुमसल्या. परंतु जाळण्यांत शेवाळाचें मुख्य द्रव्यच नष्ट होतें, हें ओळखलें स्टॅनफर्ड या इंग्रज रसायनज्ञानें. गव्हाचें सत्त्व काढावें तशी त्याची रीत होती: शेवाळ सोड्याच्या पाण्यांत भिजवावयाचें, निघालेला चिकट रस गाळावयाचा, त्यांत आम्ल घालून द्रव्य वेगळें करावयाचें. या द्रव्यास त्यानें ‘अल्जिन’ म्हटलें आणि १८८१ सालीं पेटंट घेतलें. मोठ्या प्रमाणावर उत्पादन मात्र १९२९ नंतर कॅलिफोर्नियांत सुरू झालें.

अल्जिनचे रेणू म्हणजे लांबलचक सांखळ्या. त्या पाणी धरून ठेवतात, म्हणून द्रव दाट होतो. कॅल्शियमचा क्षार मिळतांच त्या एकमेकींस जखडल्या जातात आणि रसाचा थलथलीत गोळा बनतो. एवढेंच त्याचें सामर्थ्य. मलमाच्या बाटलीवर ‘निसर्गदत्त’ असें ठळक छापून तारुण्य परत देण्याची जी ग्वाही दिली जाते, ती विक्रेत्याची, शेवाळाची नव्हे. शिवाय समुद्र आणि बाटली यांच्यामध्यें सोडा व आम्ल यांचीं पिंपें असतात, हें कोणी छापीत नाहीं.

मागणी वाढली, तशी यंत्रेंहि आलीं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर बोटींतून लोखंडी दांते ओढून समुद्रतळावरील शेवाळ उपटतात. स्कॉटलंडांतहि तसा बेत निघाला, तेव्हां मच्छीमारांनीं हरकत घेतली. कारण त्या शेवाळाच्या रानांत माशांचीं पिलें आसरा घेतात. २०१८ सालीं तेथील पार्लमेंटानें, शेवाळ पुन्हां वाढूं न देणाऱ्या यांत्रिक उपशास कायद्यानें बंदी केली. हेब्रिडीजच्या किनाऱ्यावरील खडकांवरचें शेवाळ बुडाशीं थोडें राखून कापतात. कांहीं वर्षांनीं तें पुन्हां कापणीस येतें.