बालेकिल्ला : शेवटचा आसरा

मंचरहून नारायणगांवमार्गें जुन्नरास जाणाऱ्या प्रवाशास शिवनेरीचा उभा कडा दुरूनच दिसूं लागतो. इ. स. १६३० सालीं श्रीशिवछत्रपतींचा जन्म ह्याच दुर्गावर झाला. माथ्यावर जाण्यास सात दरवाजे ओलांडावे लागतात. पण सातहि दरवाजे पडले, तर पुढें काय?

हाच प्रश्न मध्ययुगांत इंग्लंडांतील दुर्गकारांसहि पडे. सपाट मुलखांत ते तटाच्या आंत एक प्रचंड दगडी मनोरा बांधीत. तोच त्यांचा बालेकिल्ला. रॉचेस्टर येथील सुमारें ११३ फूट उंच मनोऱ्यास १२१५ सालीं जॉन राजानें वेढा दिला. एका कोपऱ्याखालीं सुरुंग खणवून आंतील लांकडी टेकू त्यानें चाळीस डुकरांच्या चरबीनें पेटविले. कोपरा ढांसळला, तरी शिबंदी आंतल्या आडव्या भिंतीमागें लढतच राहिली. तिला शरण आणलें तें उपासमारीनें.

शिवनेरीच्या माथ्यावर मात्र धान्याचा अंबरखाना आहे आणि खडकांत खोदलेलीं गंगा-जमुना टांकीं आहेत. सतराव्या शतकांत जुन्नरास आलेल्या डॉ. फ्रायर ह्या इंग्रजानें, गडावर हजार कुटुंबांस सात वर्षें पुरेल एवढी सामग्री असल्याचें लिहून ठेविलें आहे. तेव्हां गड मोगलांकडे होता, आणि आपला हा जन्मदुर्ग महाराजांस हयातींत परत मिळाला नाहीं!

म्हणून गड पाहणारानें दरवाजे मोजावे, तसें टांक्यांतहि डोकावून पाहावें. दुर्गाचें खरें बळ तेथें सांठविलेलें असतें.