गुळणी आणि काडी



मे महिन्यातल्या संध्याकाळी नाका-घशाच्या गोष्टी ऐकायला तुम्ही एवढ्या संख्येनं आलात, हे कोल्हापुरातच व्हावं. विषय रुक्ष आहे, पण परका नाही. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या नाकात 2020-21 मध्ये कोविडच्या तपासणीसाठी ती लांब काडी गेलेली असणार.

काडी इतकी आत का घालायची? नाक संपून घसा सुरू होतो तिथे मागे एक पोकळी आहे. नाकपुडीपासून कानाच्या भोकापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढ्या आत. तिथल्या लवदार पेशींमध्ये श्वसनमार्गाचे विषाणू भरपूर वाढतात. काडी फिरवली की पेशी आणि विषाणू दोन्ही चिकटून येतात. म्हणजे शास्त्र पक्कं आहे. अडचण आहे ती काडीच्या दुसऱ्या टोकाला. तिथे शिकलेला हात लागतो, त्या माणसाला पीपीई किट लागतं, नमुना टिकवणारं द्रावण आणि थंड पेटी लागते. समोरचा माणूस तोंडावर शिंकला तर ते निमूट सोसावं लागतं. आणि एवढं करून लहान मूल मान फिरवतं ते फिरवतंच!

जून 2021 आठवा. राज्यातली लाट ओसरत होती, पाच स्तरांत निर्बंध उठत होते आणि आपला जिल्हा मात्र चौथ्या स्तरात अडकला होता. जुलैत पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. निवारा केंद्रात दाटीवाटीनं राहणाऱ्या माणसांचे नमुने घेणं आणि ते शेंडा पार्कातल्या प्रयोगशाळेपर्यंत पोचवणं, ही कामं कागदावर एका ओळीत मावतात. गगनबावड्यातून किंवा चंदगडातून ती करून बघा. त्यातच ‘स्वॅब दिला की पॉझिटिव्ह काढतात’ ही कुजबुज. लोक दारात गाडी दिसली की मागच्या दारानं शेतात जात.

माझं म्हणणं एवढंच आहे की नमुना कसा घेतला जातो, यावर तपासणीला कोण येणार हे ठरतं. जी तपासणी लोक टाळतात, तिची अचूकता कितीही असो, टाळणाऱ्यांच्या बाबतीत ती शून्यच. 1897 च्या पुण्यात प्लेगचे रोगी शोधणं गरजेचंच होतं. पण सोजिरांनी घरात घुसून ते केलं आणि लोक आजारी माणसं लपवू लागले. 22 जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. आपल्या आरोग्यसेविकांची त्या सोजिरांशी तुलना मी करत नाही, त्यांनी हात जोडून नमुने घेतले. पण शरीराला हात लावायची वेळ आली की माणूस बिथरतो, हे तेव्हाही खरं होतं.

यावर चांगला तोडगा निघाला तो नागपुरात. ‘नीरी’ या संस्थेतल्या डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सलाइनच्या गुळणीतून आरटी-पीसीआर करण्याची पद्धत बसवली. मे 2021 मध्ये तिला आयसीएमआरची मान्यता मिळाली. रीत अगदी घरगुती वाटते. नळीत थोडं सलाइन असतं. ते तोंडात घेऊन गुळणी करायची, खळखळवायचं आणि त्याच नळीत थुंकायचं. नमुना देणारा स्वतःच हे करतो.

खरी करामत त्यानंतरची. एरवी नमुन्यातून विषाणूचा आरएनए वेगळा काढायला महागडं किट आणि वेळ लागतो. इथे नमुना एका द्रावणात मिसळून नेहमीच्या तापमानाला अर्धा तास ठेवतात आणि मग 98 अंशांवर 6 मिनिटं तापवतात. उष्णतेनं विषाणूचं कवच फुटतं, आरएनए मोकळा होतो. लाळेतली, त्याला खाऊन टाकणारी विकरंही निकामी होतात. साधारण तीन तासांत निकाल हाती येतो. पुढे हे तंत्र संस्थेनं केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाच्या हवाली केलं. सार्वजनिक पैशातून झालेल्या कामाचं असंच व्हायला हवं.

इतरत्रही वारं याच दिशेनं होतं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लाळेच्या चाचणीला ऑगस्ट 2020 मध्ये परवानगी मिळाली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानं शाळकरी मुलांसाठी गुळणी स्वीकारली. पुण्याच्या मायलॅबचं ‘कोव्हिसेल्फ’ तुम्ही औषधाच्या दुकानात पाहिलं असेल. त्यात काडी आहे, पण दोन ते चार सेंटिमीटरच आत घालायची. ती अँटिजेन चाचणी आहे, तेव्हा लक्षणं असताना ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून लग्नाच्या पंगतीत जाऊन बसू नका.

गुळणीच्या मर्यादाही सांगतो. तान्ह्या बाळाला गुळणी येत नाही, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला शक्य नाही. पाणी जास्त झालं की विषाणू विरळ होतो. गुळणी करताना तुषार उडतात, म्हणून ती मोकळ्यावर, एकट्यानं करायची. नुकताच चहा घेतला असेल किंवा तंबाखूचा बार भरलेला असेल तर नमुना बिघडू शकतो. दवाखान्यात अत्यवस्थ पडलेल्या रुग्णासाठी मी आजही काडीच मागेन.

आणि आयसीएमआरची ती मान्यता कोविडपुरती होती. फ्लूसाठी गुळणी तशीच चालेल, असं गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात डोकं वर काढतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे ऐन गळीत हंगामात, बीडकडून आलेली ऊसतोड कुटुंबं फडाशेजारच्या पालांत राहत असतात तेव्हा. कोयता खाली ठेवून तालुक्याच्या दवाखान्यात रांग लावणं त्यांना परवडत नाही. त्यांच्यापर्यंत नळी पोचू शकते.

म्हणून आपल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि शिवाजी विद्यापीठातल्या संशोधकांना माझी विनंती आहे. येत्या पावसाळ्यात तापाच्या एकाच रुग्णाचे दोन्ही नमुने घ्या, काडीचा आणि गुळणीचा, आणि फ्लूसाठी ते ताडून पाहा. तुम्हा श्रोत्यांकडेही मागणं आहे: कुणी असे दोन नमुने मागितले तर नाही म्हणू नका. आधी अर्धा तास चहा मात्र घेऊ नका.