खेळातले शिकागो आणि पायी चालणारा

मंडळी, अमेरिकेतले शिकागो शहर मी पाहिलेले नाही, आणि आता या वयात पाहीन असेही वाटत नाही. पण त्या शहराचा मधला भाग मला बराचसा ठाऊक आहे. नदी कुठून आत शिरते, आगगाडी रस्त्याच्या डोक्यावरून कशी जाते, पूल कुठे उघडतात, हे मी तुम्हाला इथे बसून सांगू शकेन. हे ज्ञान मला पुस्तकातून मिळाले नाही. आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलाने ते मला दिले, आणि त्याला ते एका खेळातून मिळाले होते.

साल २००७ च्या सुमाराचे. शाळेत चार जुने संगणक आले होते. त्यांतल्या एकावर कुणीतरी आधीच एक खेळ घालून ठेवला होता. त्याचे नाव ‘मिडटाउन मॅडनेस’, म्हणजे भर शहरातला धुमाकूळ म्हणा. हा खेळ १९९९ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने बाजारात आणला. तयार केला होता कॅलिफोर्नियातल्या एंजल स्टुडिओज नावाच्या मंडळींनी. खेळ मोटार चालवण्याचा. त्यापूर्वी मोटारींचे खेळ नव्हते असे नाही. पण बहुतेकांत एक आखलेला मार्ग असे. घाण्याच्या बैलाने फिरावे तसे त्याच वाटेने फेऱ्या मारायच्या आणि पहिला नंबर काढायचा. इथे तसे नव्हते. इथे तुमच्यापुढे सारे शहर मोकळे टाकलेले. हवे तर शर्यत करा, नाहीतर नुसते भटका. शर्यतीतही अमुक अमुक ठिकाणांना शिवून या, एवढेच सांगतात. वाट तुमची तुम्ही शोधायची. गल्लीतून जा, बागेतून जा.

आणि शहर कसे? तर नांदते. सिग्नल लाल होतो, गाड्या थांबतात, हिरवा होतो, निघतात. बस आहे, टॅक्सी आहे, पोलिसाची गाडी आहे. पाऊस हवा तर पाऊस, रात्र हवी तर रात्र. रस्त्यावर गर्दी किती असावी, पोलीस किती असावेत, हेसुद्धा खेळणाऱ्याने आधी ठरवायचे. असा अधिकार शिकागोच्या महापौरालादेखील नसेल!

आता हे नांदते शहर संगणकाच्या पोटात मावते कसे? यात एक युक्ती आहे, आणि ती विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. नाटकात राजवाडा दाखवतात तो समोरून तेवढा असतो. पडद्यामागे गेलात तर बांबू आणि सुतळी. अशा खेळांतले शहरही तसेच. तुम्ही जिथे आहात त्याच्या आसपासच गाड्या धावत असतात. तुम्ही पुढे गेलात की मागच्या गाड्या नाहीशा होतात आणि पुढे नव्या उभ्या राहतात. त्या गाड्यांना ड्रायव्हर नसतो. रस्त्यावर न दिसणाऱ्या रेघा आखलेल्या असतात आणि त्या रेघांवरून गाड्या रुळांवरून चालाव्यात तशा चालतात. चौकात आल्या की थांबायचे की वळायचे याचे ठरीव नियम. नियम मोजकेच, पण शंभर गाड्या एकदम पाळू लागल्या की बघणाऱ्याला वाटते, वा, काय वर्दळ आहे!

शिकागोच का निवडले असेल, असा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडे. मग नकाशा काढून पाहिला आणि उलगडा झाला. ते शहर मोटारीच्या खेळासाठीच वसवल्यासारखे आहे. सरळ उभे रस्ते, सरळ आडवे रस्ते. पाटीवर चौकडी आखावी तसे. १९०९ साली तिथल्या घरांना नव्याने नंबर दिले. स्टेट स्ट्रीट आणि मॅडिसन स्ट्रीट हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू शून्य धरला. तिथून उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे नंबर वाढत जातात. साधारण आठशे नंबरांना एक मैल. म्हणजे घराचा पत्ता सांगितला की ते शून्यापासून किती लांब आणि कोणत्या दिशेला, हे पोरालाही कळते. गणिताच्या शिक्षकांनो, आलेखातले दोन अक्ष शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडले नाही. मी ते वर्गात वापरले आणि त्या वर्षी आलेखाच्या प्रश्नाला पोरे घाबरली नाहीत.

दुसरी गोष्ट पुलांची. शिकागो नदीवरचे पूल मधोमध दुभंगतात आणि दोन्ही अर्धी वर उचलली जातात, खालून जहाज जावे म्हणून. एवढे लोखंड उचलायला फार मोठे यंत्र लागत असेल असे वाटते, पण नाही. प्रत्येक अर्ध्या पुलाच्या मागच्या टोकाला तोलाचे वजन असते. कोकणात पूर्वी विहिरीवर पाणी काढायची लाट असे, तिच्या एका टोकाला दगड बांधत, त्यातलाच हा प्रकार. तोल साधला की लहान यंत्रही काम करून जाते. खरा पूल उघडण्याआधी घंटा वाजते आणि वाहनांपुढे फाटक आडवे येते. खेळात मात्र पूल उघडू लागला की पोरांच्या अंगात येई. गाडी भरधाव सोडायची आणि चढत्या पुलावरून उडी मारून पलीकडे जायचे. आमचा तो मुलगा यात पटाईत. त्याच्याभोवती कोंडाळे जमे.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी आज बोलायला बसलो. या खेळातल्या फूटपाथवर माणसे चालतात. तुमची गाडी त्यांच्या अंगावर गेली की ती टुणकन उडी मारून बाजूला होतात. कितीही वेगाने जा, फूटपाथवरून गाडी घाला; माणूस कधी चिरडला जात नाही. बनवणाऱ्यांनीच ते तसे ठरवले होते. दिव्याचा खांब मोडतो, टपालाची पेटी उडते, गाडीचा चेंदामेंदा होतो, पण माणसाला खरचटतदेखील नाही. मला हे बघून बरे वाटले. मुलांच्या हाती द्यायच्या खेळात रक्त नाही, ही चांगलीच गोष्ट. या खेळाची कल्पना कशी सुचली याचीही एक कथा सांगतात. मायक्रोसॉफ्टमधले दोघे जण पॅरिसमध्ये वाहत्या रस्त्यावरून पलीकडे जाण्याची खटपट करीत होते, तेव्हा म्हणे ती सुचली. म्हणजे गंमत बघा, कल्पना सुचली पायी चालणाऱ्यांना, आणि खेळ झाला मोटारवाल्यांचा! २००३ साली या खेळाचा तिसरा भाग निघाला त्यात एक शहर पॅरिसच होते.

पुढच्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही पाच मुले घेऊन पुण्याला गेलो. स्टँडवरून बाहेर पडलो. मी पुढे, मुले मागे. रस्ता रुंद, वाहने चारी अंगांनी. मी म्हटले, “थांबा, माझ्याबरोबर या.” तोवर आमचे शिकागोचे पाहुणे रस्त्यात उतरलेसुद्धा. उतरताना त्याने पाहिले ते डावीकडे. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात; तिथे पलीकडे जाणाऱ्याने आधी डावीकडे बघायचे असते. आपल्याकडे उलट, आधी उजवीकडे. उजवीकडून टेम्पो आला. ब्रेकचा आवाज मी अजून विसरलो नाही. टेम्पोवाल्याने गाडी थांबवली, शिव्या दिल्या आणि निघून गेला. मुलगा रस्त्याच्या मधोमध, एक चप्पल पायात, एक टेम्पोच्या चाकाखालून गेलेली.

त्याला ओढून फूटपाथवर आणला, चहा पाजला. रागावण्याची ताकद माझ्यातही उरली नव्हती. जरा वेळाने तोच म्हणाला, “सर, तिथं माणसं आपणहून बाजूला होतात. मला वाटलं, मलाही जमंल.”

त्या रात्री मला झोप आली नाही. या मुलाने शिकागोचे शेकडो चौक पार केले होते, पण एकदाही रस्ता ओलांडला नव्हता. कारण त्या खेळात गाडीतून खाली उतरताच येत नाही. जो सदैव सुकाणूशी बसतो त्याला बाहेरचा माणूस उडी मारणारे बाहुले वाटला, तर त्यात त्या पोराचा काय दोष?

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या नावाचे खेळ तुमच्या कानावर आले असतील. पहिला १९९७ साली निघाला, स्कॉटलंडमधल्या डंडी गावी तयार झालेला. २००१ सालच्या तिसऱ्या खेळात न्यूयॉर्कच्या धर्तीवरचे एक शहर उभे केले होते. २०१३ साली पाचवा आला, त्यात लॉस एंजेलिसच्या धर्तीचे शहर. त्याच्या वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. आणि आपल्या शिकागोचे कर्ते २००२ साली त्याच कंपनीच्या पदरी गेले, जी हे खेळ प्रसिद्ध करते. या खेळांत गाडीखाली माणूस मरतो. चोरी आहे, गोळीबार आहे. ते मोठ्यांसाठी आहेत असे वेष्टणावरच छापलेले असते, आणि शाळकरी मुलांच्या हाती ते देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पण एक गोष्ट त्यांत आहे, जी आमच्या सभ्य शिकागोत नव्हती. तिथे गाडीतून उतरून पायी चालता येते. चालता चालता मागून गाडी येते आणि तुम्हाला उडवते. मग तुम्ही दवाखान्याच्या दारात पुन्हा उभे राहता, काही पैसे कापून घेतलेले असतात, एवढेच. म्हणजे रांगडा खेळ पायी चालण्याची भीती थोडी तरी दाखवतो. सोज्वळ खेळ ती झाकून ठेवतो. कोणता बरा? मी पुष्कळ विचार केला. खेळाची निवड करून हा प्रश्न सुटत नाही, एवढेच मला कळले. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, असे सरकारी अहवालात आहे. त्यांतला जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा. हा आकडा कोणत्याही खेळातून आलेला नाही.

पुण्याहून परतल्यावर मी त्या मुलालाच कामाला लावले. आमच्या शाळेच्या फाटकासमोरून दुहेरी डांबरी रस्ता जातो, रुंदी सात मीटर. मुलांना म्हटले, मोजा. ताशी साठ किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात किती जाते? भागाकार केला, साडेसोळा मीटरहून थोडे अधिक. ड्रायव्हरला माणूस दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी साडेसोळा मीटर पुढे. फाटकापासून तेवढे अंतर टेपने मोजले आणि चुन्याची रेघ मारली. रेघ पाहून मुले गप्प झाली. संगणकावर बोटाने बटण दाबले की गाडी थबकते, ते इथे चालत नव्हते.

मग म्हटले, आता चालणाऱ्याचे मोजा. नववीची पोरे सात मीटर रस्ता सहा सेकंदांत ओलांडत. सहा सेकंदांत मोटार शंभर मीटर येते. शंभर मीटरची खूण मारुतीच्या देवळापाशी पडली. याचा अर्थ, देवळाच्या अलीकडे गाडी असेल तर पाऊल टाकायचे नाही. हे गणित पोरांना पटले, आणि ती देवळाकडे बघून रस्ता ओलांडू लागली.

एके दिवशी तोच मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “सर, हे आपलं झालं. म्हातारीचं किती?” रोज शाळेसमोरून दुधाची किटली घेऊन एक आजी पलीकडच्या वस्तीवर जात. गुडघ्याने अधू होत्या. त्यांना विचारले, त्या हसल्या, आणि आम्ही घड्याळ धरून उभे राहिलो. आजींना अकरा सेकंद लागले. मुलाने वहीत गुणाकार केला, एकशे त्र्याऐंशी मीटर. दोघे टेप घेऊन निघाले. खूण देवळाच्या पलीकडे, वळणाच्या मागे पडली. तिथे उभे राहून त्याने शाळेकडे पाहिले आणि मला हाक मारली. तिथून फाटक दिसत नव्हते.