स्थूलता आणि मूत्रसंस्थेचे कर्करोग : एका प्रश्नाचे उत्तर

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी मूत्ररोग विभागातर्फे दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनी प्रत्येक विभागाने आपल्या कामाचा आढावा घ्यावा, असा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. आमच्या विभागाचे आकडे या अहवालात अन्यत्र दिलेले आहेत. आज आम्ही त्याऐवजी आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाविषयी बोलणार आहोत.

मूत्रपिंडात गाठ आहे आणि ती कर्करोगाची असण्याचा संभव आहे, असे सांगितले की खोलीत क्षणभर शांतता पसरते. मग नातेवाइकांपैकी कोणीतरी म्हणते, “डॉक्टर, यांना तर सुपारीचेही व्यसन नाही. मग हे कसे झाले?” कर्करोग म्हणजे तंबाखूचे फळ, हे समीकरण आपल्या समाजात रुजले आहे आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु त्या समीकरणाबाहेर राहणारे एक कारण म्हणजे स्थूलता. तिचा मधुमेहाशी आणि हृदयविकाराशी असलेला संबंध आता घरोघरी ठाऊक आहे. कर्करोगाशी असलेला संबंध मात्र पुष्कळांनी ऐकलेलाही नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्येच मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा समावेश स्थूलतेशी निगडित रोगांत केला होता. २०१६ मध्ये त्याच संस्थेने पुराव्यांची पुन्हा छाननी केली, तेव्हा अशा कर्करोगांची यादी तेरापर्यंत पोहोचली आणि मूत्रपिंडाचे नाव तीत कायम राहिले. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. देहभार निर्देशांक पाच एककांनी वाढला की मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका पुरुषांत सुमारे २४ टक्क्यांनी आणि स्त्रियांत सुमारे ३४ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीत पाच एकके म्हणजे जवळजवळ १३ किलो वजन.

या आकड्यांनी कोणी घाबरून जाऊ नये. मूत्रपिंडाचा कर्करोग तुलनेने विरळ आहे. एखाद्या मोठ्या लोकसमूहात जेथे शंभर स्त्रियांना तो झाला असता, तेथे एकशे चौतीस जणींना होईल, एवढाच त्या टक्केवारीचा अर्थ. बहुसंख्य स्थूल व्यक्तींना हा रोग कधीच होत नाही. आणि सडपातळ व्यक्तींना तो होतच नाही, असेही नाही.

चरबीचा आणि मूत्रपिंडाचा संबंध येतो कोठे? पोटातील चरबी ही नुसती साठवण नव्हे. ती संप्रेरकांसारखी द्रव्ये रक्तात सोडणारी क्रियाशील पेशीसंस्था आहे. ती वाढली की इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो आणि त्याची भरपाई करण्यासाठी शरीर अधिकाधिक इन्शुलिन निर्माण करते. इन्शुलिन आणि त्याच्याशी साधर्म्य असणारे वृद्धिकारक घटक पेशींना विभाजनाची प्रेरणा देतात. जोडीला अंगात सौम्य पण सततचा दाह राहतो. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो आणि दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव त्यांच्या गाळण्यांतून गाळला जातो. देह वाढला की हा भार आणखी वाढतो. स्थूलतेमागून येणारा उच्च रक्तदाब तर स्वतःच मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे एक कारण आहे.

मूत्राशयाची गोष्ट निराळी आहे. २०१६ च्या त्या यादीत मूत्राशयाच्या कर्करोगाचा समावेश नाही. तेथे मुख्य अपराधी धूम्रपानच आहे. धुरातील विषारी द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात व तेथून लघवीत उतरतात आणि ती लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते. त्यामुळे विडी-सिगारेट ओढणाऱ्याने केवळ वजन उतरवून समाधान मानू नये. प्रोस्टेट ग्रंथीच्या बाबतीत स्थूलतेचा संबंध प्रामुख्याने रोगाच्या प्रगत आणि घातक स्वरूपाशी दिसतो.

आता आपल्याकडील एक विशेष सांगावयास हवा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर दोघे समान, पण आतून भिन्न! भारतीय माणूस हातापायांनी किडकिडीत दिसतो आणि चरबी पोटात साठवतो. याच कारणास्तव २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी वेगळ्या मर्यादा सुचविल्या : निर्देशांक २३ च्या पुढे अतिरिक्त वजन, २५ पासून स्थूलता, कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष निर्देशांकाच्या २५ या रेषेवर किंवा तिच्या पुढे आढळले.

तरीही सुटलेल्या पोटाकडे आपण अजून कौतुकानेच पाहतो. ‘खात्यापित्या घरचा’ हा शब्दप्रयोग आपण प्रशंसेसाठीच करतो. आमचीही चूक येथे मान्य केली पाहिजे. वर्षानुवर्षे आम्ही केसपेपरवर वजन लिहिले, पण कंबर क्वचितच मोजली. “वजन कमी करा” एवढे तीन शब्द उच्चारून पुढच्या रुग्णाला आत बोलावले. कसे कमी करावे, घरात तेल किती लागते, रात्रपाळी करणाऱ्याने जेवावे केव्हा, हे विचारावयास वेळ काढला नाही. तीन शब्दांनी कोणाचे वजन उतरत नाही. मनावर ओझे मात्र वाढते.

म्हणून कुटुंबीयांना एक विनंती. रुग्णाच्या खाटेशेजारी बसून त्याच्या ताटाचा हिशेब काढू नका. या रोगामागे वय, आनुवंशिकता, रक्तदाब, धूम्रपान, स्थूलता अशी अनेक कारणे एकत्र गुंतलेली असतात. एका रुग्णाच्या बाबतीत नेमके कोणते कारण, हे कोणीही सांगू शकत नाही. तसेच उपचार चालू असताना रुग्णाला उपाशी ठेवून वजन उतरविण्याचा प्रयत्न करू नये. त्या काळात शक्ती टिकविणे अगत्याचे असते. आपोआप घटणारे वजन ही तर काळजीची खूण होय.

दुसरी विनंती अधिक तातडीची आहे. लघवीतून रक्त गेले, की आपल्याकडे ‘उष्णता झाली’ किंवा ‘उन्हाळी लागली’ असे म्हणून सब्जा आणि धन्या-जिऱ्याचे पाणी सुरू होते. दोन दिवसांत रंग निवळतो आणि सर्वांना वाटते, गुण आला. वस्तुतः गाठीतून होणारा रक्तस्राव असाच मधूनमधून थांबतो. महिन्यांनी तो पुन्हा दिसतो, तोवर हातची वेळ निघून गेलेली असते. वेदना नसताना लघवीतून एकदाच जरी रक्त गेले, तरी लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि आवश्यक तर दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाच्या अनेक गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने सापडतात. अशी गाठ लहान असताना सापडली, तर बहुधा तेवढीच काढून उरलेले मूत्रपिंड वाचविता येते.

देणगीदारहो, आपल्या दातृत्वावर या रुग्णालयाची शस्त्रक्रियागृहे उभी आहेत आणि त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. या वर्षी मात्र आमची मागणी लहान आहे. प्रत्येक बाह्यरुग्ण कक्षात एक मोजपट्टी, आहारतज्ज्ञांचा थोडा अधिक वेळ आणि लघवीतून रक्त गेल्यावर केवळ पैशांअभावी तपासणी पुढे ढकलणाऱ्या गरीब रुग्णांसाठी एक राखीव निधी. विश्वस्त मंडळाने या तिन्हींचा सहानुभूतीने विचार करावा, अशी प्रार्थना आहे.

“यांना व्यसन नव्हते, मग हे कसे झाले?” या प्रश्नाला आमच्याजवळ आज पूर्वीपेक्षा अधिक खरे उत्तर आहे. ते उत्तर रोग झाल्यानंतर आमच्या खोलीत ऐकावे लागण्यापेक्षा, त्याआधी आपल्या घरात पोहोचावे, एवढ्याचसाठी आजचा हा प्रपंच.