‘नको’ म्हणजे खरंच नको का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘अमेरिकेतलं जीवन’. एवढं मोठं जीवन वीस मिनिटांत मावायचं नाही. म्हणून त्यातला माझ्या रोजच्या कामाचा एक तुकडा घेते. तिथली म्हातारी माणसं काय जेवतात, कुणाबरोबर जेवतात आणि हात थरथरायला लागले की त्यांना कोण भरवतं, एवढंच सांगते.

मी तिथे एका नर्सिंग होममध्ये आहारतज्ज्ञ आहे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की छोटं खासगी हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. तिकडे त्याचा अर्थ वेगळा. ज्यांना उठवायला, आंघोळ घालायला, औषधं द्यायला चोवीस तास माणूस लागतं, असे लोक तिथे राहतात. आणि एक गैरसमज आधीच काढून टाकते. अमेरिकेत सगळे आईवडिलांना तिथे टाकून मोकळे होतात, असं आपण गप्पांमध्ये सर्रास म्हणतो. ते खरं नाही. पासष्टीच्या पुढच्या शंभर माणसांपैकी एका वेळी जेमतेम दोन-तीन जण नर्सिंग होममध्ये असतात. बाकीचे आपापल्या घरी राहतात, आणि त्यांचं करणाऱ्यांत सगळ्यांत जास्त घरचीच माणसं असतात: बायको, नवरा, आणि बहुतेक वेळा मुलगी.

मग माझी तक्रार काय आहे? ती ‘नको’ या शब्दाबद्दल आहे.

अमेरिकेत पाहुण्याला एकदा विचारतात, “काही खाणार का?” पाहुणा “नको” म्हणाला की विषय संपला. पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणं. आपल्याकडे पहिलं ‘नको’ ही सुरुवात असते. दुसऱ्यांदा विचारायचं, तिसऱ्यांदा वाढायचं. आपण त्याला आग्रह म्हणतो. आग्रहाला इंग्रजीत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही, आणि आपल्या इंग्रजीच्या सरांना विचारलं तर तेही विचारात पडतील.

तरुण, धडधाकट माणसासाठी अमेरिकन पद्धत चांगली आहे. पोट आपलं, निर्णय आपला. पण ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाचं ‘नको’ पुष्कळदा वेगळं असतं. दात दुखत असतात म्हणून नको. चव कळत नाही म्हणून नको. समोरचा डबा उघडता येत नाही आणि ते सांगायची लाज वाटते म्हणून नको. बायको गेल्यापासून एकट्याला घास उतरत नाही म्हणून नको. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तर समोरचं अन्न आहे हेच कधी कधी उमगत नाही. हे सगळं तक्त्यावर एकाच खुणेत जातं: ‘जेवण नाकारलं’. नाकारण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, त्यामुळे कागद बरोबर असतो. माणूस मात्र उपाशी असतो.

आमच्याकडे वजनावर लक्ष ठेवतात. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटलं की धोक्याची घंटा वाजते आणि फाइल माझ्याकडे येते. मग पहिला उपाय बहुधा पूरक पेयाची बाटली हा असतो. बाटली वाईट नाही. पण ती द्यायला एक मिनिट लागतं आणि शेजारी बसून जेवू घालायला चाळीस मिनिटं लागतात, हे तिच्या लोकप्रियतेचं खरं कारण आहे. एक निवृत्त गृहस्थ आठवडाभर ताट परत पाठवत होते. एका मदतनीस बाईने आपला सँडविच घेऊन त्यांच्यासमोर बसायला सुरुवात केली. त्या दिवसापासून ते अर्धं ताट संपवू लागले. बाईने त्यांना ‘खा’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. ती फक्त सोबत जेवत होती.

नियमांत किती काळजी घेतलेली आहे, हेही सांगायला हवं. संध्याकाळचं जेवण आणि दुसऱ्या दिवशीची न्याहारी यांत १४ तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, असा तिथे केंद्र सरकारचा नियम आहे. झोपताना पोषक खाणं दिलं तर ते अंतर १६ तासांपर्यंत चालतं. दाराला टकटक केल्याशिवाय खोलीत शिरायचं नाही. ज्यांना भरवावं लागतं त्यांना त्यावरून नाव ठेवून हाक मारायची नाही. १९८७ साली नर्सिंग होमच्या सुधारणेचा कायदा झाला, तेव्हापासून रहिवाशांचे हक्क असे लिहून ठेवले गेले. आपल्या घरात आजोबांच्या खोलीत आपण टकटक करून जातो का? मनात उत्तर द्या.

पण १४ तासांच्या नियमाकडे दुसऱ्या बाजूने पाहा. हे अंतर मोजावं का लागलं? कारण स्वयंपाकघराची पाळी लवकर संपते म्हणून जेवण पाचला आटपतं. माणसाच्या भुकेची वेळ कामगारांच्या पाळीप्रमाणे ठरते. आयुष्यभर आठला जेवलेल्या माणसाने पाचला जेवायचं, आणि भूक नाही म्हणाला की ‘जेवण नाकारलं’.

मग हाच अमेरिकन स्वभाव म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. १९४० साली अमेरिकेत साधारण चौथा हिस्सा लोक दोन-तीन पिढ्यांच्या एकत्र घरात राहत होते. १९८० पर्यंत हे प्रमाण १२ टक्क्यांवर आलं. मधल्या काळात शहराबाहेर वेगळी घरं झाली आणि १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यामुळे म्हाताऱ्यांच्या हातात स्वतःचं निवृत्तिवेतन आलं. त्यांना मुलांपासून स्वतंत्र राहणं परवडू लागलं आणि ते त्यांना आवडलंही. “मला कुणावर भार व्हायचं नाही” हे वाक्य तिथे मुलांपेक्षा आईवडीलच जास्त बोलतात. २०२१ पर्यंत एकत्र राहणाऱ्यांचं प्रमाण पुन्हा १८ टक्क्यांवर गेलं. म्हणजे ज्याला आपण ‘त्यांची संस्कृती’ म्हणतो ती आपल्या आईवडिलांच्या वयापेक्षा फार जुनी नाही, आणि ती बदलतेही आहे.

पैशांचं गणितही समजून घ्या. १९६५ च्या कायद्याने मेडिकेअर आलं. ते म्हाताऱ्यांचं हॉस्पिटलचं बिल भरतं, पण कायमच्या सांभाळाचा खर्च देत नाही. नर्सिंग होमचा खर्च वर्षाला एक लाख डॉलरच्या आसपास किंवा पुढेच जातो. साठवलेलं बहुतेक सगळं संपलं की गरिबांसाठीचं मेडिकेड पुढे येतं. आणि नोकरी करणाऱ्या मुलाने आजारी आईसाठी रजा घ्यायची म्हटली, तर १९९३ च्या कायद्याने बारा आठवडे मिळतात, तीही बिनपगारी, आणि साधारणपणे पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीतच. त्या कायद्यात आई-वडील येतात, सासू-सासरे येत नाहीत. हे वाचून मी हसले होते. आपल्याकडे सगळा सांभाळ ज्या नात्यावर उभा आहे, ते नातं तिथल्या कायद्याच्या हिशेबातच नाही.

आता या हसण्याची दुसरी बाजू. आपल्याकडे म्हातारी माणसं घरी राहतात, गरम पोळी खातात, हे खरं. पण ती पोळी कोण करतं? सून करते. तिला कुणी विचारलं का? तिने नोकरी सोडली, माहेरच्या स्वतःच्या आईला भेटायला तिला चार दिवस मिळाले नाहीत, याची नोंद कुठल्या तक्त्यावर आहे? आज या सभागृहात बसलेल्या माझ्या मैत्रिणींपैकी कितीजणींनी सासूबाईंना भरवून, आवरून, मग धावतपळत इथे पोहोचायचं जमवलं असेल! ‘आपली संस्कृती’ म्हणताना त्या संस्कृतीची चूल कुणाच्या हातावर पेटलेली आहे, तेही म्हणावं. आपल्याला २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला, तो काही अमेरिकनांसाठी केलेला नाही.

आणि आपला आग्रह नेहमी प्रेमळच असतो असंही नाही. मधुमेह असलेल्या काकांना “आज सण आहे, एवढ्याने काय होतंय” म्हणून पुरणपोळी वाढणारे आपणच. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात माणूस खाईनासा होतो. तेव्हा नळीने अन्न द्यावं की नाही, हा प्रश्न दोन्ही देशांत घराघरांत उभा राहतो. अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांची संघटना सांगते की अशा वेळी नळी घालू नये. तिने आयुष्य वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. त्याऐवजी जपून, हाताने, घेतील तेवढं भरवावं. म्हणजे एवढ्या संशोधनानंतर शास्त्र आपल्या आजीच्या वाटी-चमच्यापाशी येऊन थांबलं. इकडे मात्र माझे नातेवाईक मला फोनवर विचारतात, “नळी घातली नाही तर लोक काय म्हणतील?” तिथे ‘नको’ फार लवकर ऐकतात. आपण ते शेवटपर्यंत ऐकतच नाही.

मला पटलेली उदाहरणं या दोन टोकांच्या मध्ये आहेत, आणि ती अमेरिकेतलीच आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउन भागात १९७० च्या सुमारास नर्सिंग होम नव्हतं. तिथल्या चिनी, इटालियन, फिलिपिनो कुटुंबांना आईवडिलांना दूर ठेवायचं नव्हतं. मेरी-लुईस अँझॅक नावाच्या समाजसेविकेने अभ्यास केला आणि १९७१ मध्ये ‘ऑन लॉक’ ही संस्था उभी राहिली. दिवसा केंद्रात यायचं, डॉक्टर, व्यायाम आणि ओळखीचं जेवण तिथेच, रात्री आपल्या घरी. त्यावरून तयार झालेली योजना १९९७ पासून मेडिकेअरचा कायमचा भाग झाली. न्यू जर्सीत आता भारतीय म्हाताऱ्यांसाठीही दिवसभराची केंद्रं चालतात. तिथे दुपारी वरण-भात मिळतो आणि पत्त्यांचा डावही.

दुसरं उदाहरण डॉ. बिल थॉमस यांचं. त्यांच्या कल्पनेतून ‘ग्रीन हाउस’ घरं निघाली. पहिली घरं २००३ साली मिसिसिपी राज्यातल्या ट्युपेलो गावात उघडली. दहा-बारा माणसांचं एक घर, मध्यभागी उघडं स्वयंपाकघर आणि एकच लांब टेबल. फोडणीचा वास खोलीपर्यंत जातो म्हणा ना! मदतनीसही त्याच टेबलाशी बसतात. पंगतीची ही कल्पना आपल्याला कुणी शिकवायला नको, पण आपल्या नव्या वृद्धाश्रमांत, आणि खरं सांगायचं तर आपल्या फ्लॅटमध्येही, आजोबांचं ताट टीव्हीसमोर वेगळं जाऊ लागलं आहे.

तिसरी गोष्ट साधी आहे. १९७२ पासून तिथे साठीपुढच्या माणसांसाठी सरकारी मदतीने एकत्र जेवणाची केंद्रं चालतात. घरपोच डबेही दिले जातात. उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, देता येईल ते द्यायचं. माणसांनी एकमेकांत मिसळावं, हा हेतू कायद्यात लिहिलेला आहे. डबा देणारा स्वयंसेवक दारात दोन मिनिटं बोलतो. आजी पडल्या आहेत का, कालचा डबा तसाच आहे का, हे आधी त्याला कळतं.

आता आपल्याबद्दल. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील नव्वदीकडे आले आहेत. कितीतरी जणांची मुलं परदेशात आहेत. आणि आपण स्वतः साठीला टेकलो आहोत. इथे राहणाऱ्या आईवडिलांसाठी परदेशातून महिन्याचा डबा लावता येतो. फोनवर पैसे भरता येतात. डब्याबरोबर समोर बसणारं माणूस मात्र लावता येत नाही.

म्हणून आपल्या बॅचपुढे दोन गोष्टी ठेवते. पहिली: आपले काही शिक्षक आज गावात एकटे राहतात. त्यांच्याकडे आपण वाढदिवसाला शाल घेऊन जातो, फोटो काढतो. त्याऐवजी गावात असणाऱ्यांनी पाळी लावावी. आठवड्यातून एकदा, दोघांचा डबा घेऊन जायचं आणि सरांबरोबर, बाईंबरोबर जेवून यायचं. पाळीत पुरुषांची नावं आधी लिहायची. आम्ही परदेशातले खर्च उचलू, पण खरं काम तुमचंच असेल, हे मला माहीत आहे.

दुसरी: आज घरी गेल्यावर आपल्या मुलांना, सुनांना, जावयांना सांगून ठेवा की तुम्हाला काय आवडतं. भात किती मऊ, चहात साखर किती, जेवायला किती वाजता. आणि हेही सांगा की तुमचं कुठलं ‘नको’ खरं धरायचं आणि कुठल्या ‘नको’नंतर पुन्हा एकदा विचारायचं. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत हा रकाना रिकामा असतो. तोवर सांगणारं माणूस बोलायचं थांबलेलं असतं.

मधल्या सुट्टीत आपण डबे उघडून एकमेकांच्या डब्यात हात घालत होतो. तेव्हा कुणी ‘नको’ म्हणालं तरी बाई विचारायच्या, “का रे, बरं वाटत नाही का?” एवढा एक प्रश्न आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावा, असं मला वाटतं.

सर, बाई, आज जेवण तयार आहे. तुमच्या शेजारी कोण बसणार यावरून आमच्यात भांडण होईल, ते तुम्हीच सोडवा.