ओबोची जिव्हाळी आणि मुलाचा दम



ज्या संगीत शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात, त्यांच्यासमोर बसून याच शाळेत मी पेटीवर पहिले सूर काढले. पुढे लष्करी बँडात भरती झालो, पचमढीला शिक्षण झाले आणि सारी नोकरी ओबो वाजविण्यात गेली. व्याख्यानाचा विषय ओबोच्या रीडची निवड व निगा असा मी कळविला, तेव्हा चिटणीसांनी नम्रपणे विचारले की एवढ्याशा वस्तूवर बोलण्यासारखे काय आहे? शंका रास्त होती. ही वस्तू जेमतेम सात सेंटीमीटर लांबीची आहे. परंतु तिच्यापायी माझ्या हातून एका मुलाचे नुकसान झाले, आणि ते याच इमारतीत झाले. म्हणून ते इथेच सांगणे मला उचित वाटते.

ओबो म्हणजे आपल्या सनईचा दूरचा नातलग. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजदरबारातील कारागिरांनी जुन्या, कर्कश वाद्याला घडवून घडवून त्याला आजच्या रूपाकडे आणले. मोठ्या वाद्यवृंदात सगळे जण ज्या सुराला आपली वाद्ये मिळवितात, तो सूर ओबोवालाच देतो. तो सूर निघतो मात्र लाकडातून नव्हे, तर तोंडाशी असलेल्या दुपदरी जिव्हाळीतून. बँडात आम्ही तिला नुसते रीड म्हणतो. तिचा वेत येतो गवताच्याच कुळातील एका उंच वनस्पतीपासून, बोरूचा थोरला भाऊ म्हणा. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील व्हार या जिल्ह्यातील वेत त्यासाठी नावाजलेला आहे. सुमारे दहा मिलिमीटर जाडीच्या नळीचे तीन उभे भाग करतात, आतून कोरून मधली जाडी 0.6 मिलिमीटरच्या आसपास आणतात, पट्टी दुमडून बूच लावलेल्या धातूच्या नळीवर दोऱ्याने आवळून बांधतात आणि मग टोक तासतात. टोकाशी ती पाती इतकी पातळ होतात की उजेडासमोर धरली तर पलीकडचा प्रकाश दिसतो.

आता तो प्रसंग. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला दोन ओबो भेट दिले होते. शिकविण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. सातवीतला एक मुलगा निवडला. कान उत्तम, बोटे चपळ. मी त्याला माझ्याच पेटीतली एक चांगली रीड दिली. चांगली, म्हणजे मला चांगली! तीस वर्षांच्या सवयीने घट्ट झालेल्या ओठांना सोसणारी. मुलगा फुंके, गाल लाल होत, डोळ्यांत पाणी येई, आणि सूर निघालाच तर चढा निघे. तीन आठवड्यांनी मी वर्गासमोर म्हणालो, "तुला दमच नाही रे." दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

या वाक्यातला प्रत्येक शब्द चुकीचा होता. ओबोवाल्याला दम कमी पडत नाही, तो उरतो. पात्यांमधली फट इतकी अरुंद असते की छातीतली हवा पुरती बाहेर पडतच नाही. शिळी हवा आत कोंडते आणि मुलाला गुदमरल्यासारखे होते. म्हणून नवा श्वास घेण्याआधी जुना सोडायला शिकवावे लागते. हे मला ठाऊक होते. पण रीड कठीण असली की मूल ती हलविण्यासाठी ओठांनी, पुढे दातांनी दाबते. दाबली की फट मिटते, सूर चढतो, आणि शिक्षकाला वाटते की याचा कान कच्चा. काही महिन्यांनी तीच रीड मी पुन्हा वाजवून पाहिली, तेव्हा मलाच दहा मिनिटांत ओठ सोडून द्यावेसे वाटले. मी मुलाची परीक्षा घेत नव्हतो, वेताची घेत होतो. त्याच्या घरी जाऊन मी चूक कबूल केली. वडिलांनी चहा दिला, मुलगा आतून बाहेर आला नाही.

तेव्हापासून मुलाच्या हाती रीड देण्याआधी मी ती स्वतः तपासतो. भिजलेली रीड समोरून पाहावी. फट अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखी असावी, दोन्ही बाजूंनी सारखी. उजेडासमोर धरून दोन्ही पाती एकसारखी तासली आहेत का ते पाहावे. नळीचे खालचे तोंड बोटाने बंद करून हळूच फुंकावे. कडेने हवा सुटली, तर रीड गळकी. गळती थोडी असेल तर नळकारागिराची पांढरी टेफ्लॉन पट्टी पातळ गुंडाळून भागते. मग रीड वाद्याला न लावता नुसतीच ओठांत धरून हलकेच फुंकावी. सहज आवाज निघाला पाहिजे. त्यासाठी जोर करावा लागला, तर ती नवशिक्याच्या कामाची नाही. मुलांना मध्यमहून थोडी मऊ रीड द्यावी. अगदी मऊ नको, कारण तिचा सूर उतरतो आणि जरा दाबली की ती मिटते.

निगेच्या बाबतीत माझे गुरू ठरले एक सनईवाले. परदेशी रीड येते प्लॅस्टिकच्या घट्ट नळकांड्यात. आमच्या बेळगावचा पाऊस तुम्ही जाणताच. जूनपासून भिंतींना ओल, कपड्यांना वास. ओली रीड त्या नळकांड्यात ठेवली की चार दिवसांत काळे ठिपके. दोन पावसाळे मी वेताला दोष दिला. मग एका लग्नात सनईवाल्यांच्या वाद्याकडे लक्ष गेले. सनईच्या तोंडाजवळ जादा पत्त्या दोऱ्याला बांधून लोंबत्या सोडलेल्या, सोबत त्या ठीक करायची सुई. मी कारण विचारले. ते म्हणाले, "ओली वस्तू कोंडून ठेवली की कुजतेय बघा, साहेब." लहानपणापासून मी त्या लोंबत्या पत्त्या पाहत आलो होतो आणि त्यांना शोभेच्या समजत होतो! घरी येऊन तापविलेल्या सुईने सगळ्या नळकांड्यांना भोके पाडली. पुढे शाळेच्या सुताराने भोकांची एक लाकडी पट्टी करून दिली. ती अजून संगीतखोलीच्या खिडकीजवळ आहे. ऊन मात्र तिच्यावर येऊ देत नाही, कारण उन्हाने पाती चिरतात.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत, पण मुलांकडून त्या रोज करून घ्याव्या लागतात. रीड तोंडात चघळून भिजवू नये. साध्या पाण्यात दोन-तीन मिनिटे पुरतात. जास्त वेळ ठेवली तर फट फार उघडते. पूर्वी आम्ही त्यासाठी कॅमेऱ्याच्या फिल्मची रिकामी डबी वापरत असू. वाजविण्याआधी चूळ भरणे सक्तीचे. मधल्या सुट्टीतला चिवडा पात्यांत शिरला तर कोणताही उपाय चालत नाही. टोकाला बोट किंवा दात लावू नये. वाजवून झाल्यावर पाण्याने धुवून झटकावी. नवी रीड पहिल्या काही दिवसांत पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नये, आणि निदान तीन रीडा आलटून पालटून वापराव्यात. पालकांना हा खर्च खटकतो, हे मला कळते. वह्या-पुस्तके वर्षभर टिकतात, रीड काही आठवड्यांत थकते. म्हणून मी प्रत्येक पालकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतो, आणि शाळेने या खर्चासाठी वेगळी तरतूद करावी अशी विनंती अध्यक्षांना या व्यासपीठावरून करतो.

मी बोलत असताना सहावीतल्या दोन मुलींनी मागच्या टेबलावर पेल्यात रीडा भिजत घातल्या आहेत. मघाशी त्यांनी खूण केली, म्हणजे तीन मिनिटे झाली असावीत. आणखी बोलत राहिलो तर फट उघडेल. या मुलींनो, पाणी झटका आणि आधी नुसती रीड वाजवून दाखवा.