लहान शेतकरी आणि सरकारी साहाय्य

भोपाळच्या ईशान्य भागात अयोध्या नगर ही वसाहत वसली आहे. तिच्या आसपासच्या पत्त्यांत नरेला शंकरी या गावाचे नाव आजही येते. गावाचे नाव पत्त्यात उरले आणि त्याच्या भोवती शहर वाढले. येथून काही मैलांवर करोंदची धान्याची मंडी आहे. बैरसिया मार्गावर नबीबाग येथे १९७६ साली स्थापन झालेली केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आणि १९८८ साली स्थापन झालेली भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे. माती, अवजारे आणि बाजार या तिन्हींचा विचार करणारी ही स्थळे एकमेकांजवळ आहेत. तथापि चांगली माती, चांगले अवजार आणि जवळचा बाजार लाभूनही लहान शेतकऱ्याचे कुटुंब जमिनीवर टिकतेच असे नाही. त्याला आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे थांबण्याची ताकद.

१९७०-७१ च्या कृषिगणनेत भारतातील सरासरी धारणक्षेत्र २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.०८ हेक्टरवर आले. त्या वर्षी मध्य प्रदेशातील सरासरी १.५७ हेक्टर होती, तर महाराष्ट्रातील १.३४. देशातील शंभरांपैकी सुमारे शहाऐंशी शेतकऱ्यांकडे दोन हेक्टरांहून कमी जमीन होती. एवढ्या शेतावर पीक निघते, परंतु शिल्लक फारशी पडत नाही. बियाणे आणि खत उधारीने आणलेले असते. खळे झाले की सावकार, दुकानदार आणि बँक एकाच वेळी दाराशी येतात. मग सर्वांबरोबर, म्हणजे नेमक्या उतरत्या भावाच्या दिवसांत, माल विकावा लागतो. मोठा शेतकरी दोन महिने वाट पाहतो, लहान शेतकऱ्याला दोन दिवसही वाट पाहता येत नाही. सरकारी साहाय्याची खरी कसोटी येथे लागते.

१९६५ साली कृषिमूल्य आयोग व अन्न महामंडळ स्थापन झाले. सरकार आधी भाव जाहीर करील आणि त्या भावाने धान्य विकत घेईल, ही व्यवस्था गहू व तांदूळ यांच्या बाबतीत पुष्कळ ठिकाणी रुजली. सोयाबीन, उडीद, तूर या पिकांच्या वाट्याला मात्र अनेकदा जाहीर झालेला भावच आला, खरेदी तेवढी आली नाही. ६ जून २०१७ रोजी मंदसौर जिल्ह्यात भावासाठी व कर्जमुक्तीसाठी चाललेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मध्य प्रदेश शासनाने भावांतर भुगतान योजना सुरू केली.

या योजनेचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. त्या हंगामात सोयाबीनचा आधारभूत भाव क्विंटलला ३,०५० रुपये होता. बाजारांतील सरासरी भाव २,६०० रुपये ठरला असे धरले, तर नोंदणी केलेल्या शेतकऱ्याला फरकाचे ४५० रुपये शासनाकडून मिळावयाचे. परंतु ज्याला आपला माल २,४०० रुपयांस विकावा लागला, त्यालाही ४५० रुपयेच मिळणार. त्याच्या हाती २,८५० रुपये पडणार आणि उरलेला तोटा त्याचा त्याला सोसावा लागणार. शिवाय लाभासाठी ठरावीक मुदतीत विक्री करणे आवश्यक होते. त्यामुळे मंडीत माल एकदम लोटला आणि घेणाऱ्याला भाव पाडणे सोपे गेले. सरकारला गोदामे भरावी लागत नाहीत, हा या पद्धतीचा गुण खरा. परंतु ज्याला थांबता येत नव्हते, त्याला तिने आणखी घाई करावयास लावली. २०२५ साली सोयाबीनसाठी ही योजना राज्यात पुन्हा आणली गेली. म्हणून तिचा पहिला अनुभव विसरणे परवडणारे नाही.

दुसरा मार्ग रोख मदतीचा. २०१९ साली केंद्र सरकारने वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत देण्यास आरंभ केला. मध्य प्रदेशाने २०२० साली त्यात ४,००० रुपयांची भर घातली आणि २०२३ साली ती ६,००० केली. दोन्ही मिळून महिन्याला हजार रुपये होतात. ही रक्कम मोठी नाही, परंतु ती बाजारभावावर अवलंबून नाही आणि बियाण्यापुरती उधारी तिने टळू शकते. तिची उणीव निराळी आहे. ती जमिनीच्या कागदावरील नावास मिळते. बटईने दुसऱ्याची जमीन कसणारा त्या कागदावर नसतो. नवरा शहरात कामाला गेल्यावर सारी शेती सांभाळणारी स्त्रीही बहुधा तेथे नसते. घाम एकाचा आणि हप्ता दुसऱ्याचा, असा प्रकार त्यातून घडतो.

तिसरा मार्ग महाराष्ट्राने दाखविला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात हजारो गावांचा आधार झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातील बांध, तलाव आणि रस्ते यांवर खर्च झाला. येथे जमिनीचा उतारा कोणी मागत नव्हते. कामास येणारे हात पुरेसे होते, आणि त्या हातांत स्त्रियांचे हात पुष्कळ होते. पाऊस येईपर्यंत बैलजोडी न विकता थांबणे अनेक घरांना त्यामुळे शक्य झाले. २००५ साली केंद्रानेही देशासाठी रोजगाराचा कायदा केला, त्याच्या मुळाशी हा अनुभव होता.

या तिन्ही मार्गांतून एक गोष्ट निष्पन्न होते. साहाय्य किती दिले याइतकेच ते कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हाती पडले, हे महत्त्वाचे असते. २००७ च्या गोदामविषयक कायद्याने साठविलेल्या मालाच्या पावतीवर कर्ज मिळण्याची वाट मोकळी केली. परंतु दहा पोती घेऊन येणाऱ्याला जवळ गोदाम नसेल, तेथवर रस्ता नसेल आणि बँकेत त्याच्या पावतीची दखल घेतली जात नसेल, तर तो कायदा त्याच्यासाठी कागदच राहतो. अशी सोय गावागावांच्या समूहात उभी करणे आणि बटईदाराचे व कसणाऱ्या स्त्रीचे नाव नोंदीत आणणे, हे काम पंचायती व राज्य शासन यांच्या आवाक्यातील आहे. शहराच्या कडेला तर याची निकड अधिक आहे. कारण तेथे अडलेला शेतकरी प्रथम पीक घाईने विकतो, आणि नंतर जमीनही घाईनेच विकतो.